वाक्यदुरुस्तीत कानावर विसंबणे धोक्याचे

स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या पदवीधर स्तरावरील परीक्षेत पहिल्या टप्प्यात इंग्रजीचे २५ प्रश्न असतात. बरोबर उत्तराला २ गुण मिळतात, तर चुकीच्या उत्तरामागे अर्धा गुण वजा होतो. जीमॅट परीक्षेच्या २०२३ मध्ये आलेल्या नव्या आवृत्तीतून वाक्यदुरुस्तीचे प्रश्न वगळले गेले असले, तरी आपल्याकडील नोकरभरतीच्या परीक्षांत त्यांचे महत्त्व कायम आहे. या प्रश्नांत 'कानाला बरे वाटते' म्हणून पर्याय निवडणारे परीक्षार्थी हमखास गुण गमावतात. कारण त्यांचा कान मराठीवर पोसलेला असतो.

'वी डिस्कस्ड अबाउट द प्लॅन' हे वाक्य मराठी भाषकाला खटकत नाही. आपण योजने'विषयी' चर्चा करतो, म्हणून 'अबाउट' आपसूक येते. मात्र 'डिस्कस' या क्रियापदातच 'विषयी'चा अर्थ सामावलेला असल्याने 'वी डिस्कस्ड द प्लॅन' एवढेच शुद्ध ठरते. नाम वापरले, तर मात्र 'अ डिस्कशन अबाउट द प्लॅन' योग्य आहे.

'पेक्षा'ची गोष्टही अशीच. मराठीत बहुतेक तुलना या एका शब्दावर भागतात. इंग्रजीत 'टॉलर दॅन' म्हणावे लागते. पण 'सीनियर', 'ज्युनियर', 'सुपीरियर' आणि 'इन्फीरियर' या लॅटिनमधून आलेल्या शब्दांपुढे 'टू' येते. 'प्रिफर टी टू कॉफी' यातही 'टू'च हवे.

'पासून' हा शब्द तर दुहेरी चूक घडवतो. 'पाच वर्षांपासून पुण्यात राहत आहे' याचे 'आय ॲम लिव्हिंग इन पुणे सिन्स फाइव्ह इयर्स' असे भाषांतर केले जाते. शुद्ध वाक्य 'आय हॅव बीन लिव्हिंग इन पुणे फॉर फाइव्ह इयर्स' असे आहे. कालावधी सांगताना 'फॉर', तर '२०२० पासून' असा आरंभबिंदू सांगताना 'सिन्स' वापरावे. तसेच 'जरी-तरी'च्या सवयीने 'ऑल्दो'नंतर 'बट' लिहिले जाते. इंग्रजीत या दोहोंपैकी एकच शब्द पुरतो.

यावर उपाय म्हणजे प्रत्येक वाक्य ठरावीक क्रमाने तपासणे. प्रथम कर्ता आणि क्रियापद यांची सांगड पाहावी. 'द क्वालिटी ऑफ द मँगोज' याचा कर्ता आंबे नसून दर्जा आहे, म्हणून पुढे 'वॉज' हवे. 'वन ऑफ द ट्रेन्स' यानंतरही क्रियापद एकवचनीच येते. 'ॲज वेल ॲज' किंवा 'अलाँग विथ' यांनी जोडलेला मजकूर मूळ कर्त्याचे वचन बदलत नाही. दुसऱ्या पायरीवर काळ तपासावा. तिसऱ्या पायरीवर जोडशब्द पाहावेत : 'नो सूनर'बरोबर 'दॅन', तर 'हार्डली'बरोबर 'व्हेन'.

शेवटची पायरी वाक्प्रचारांची. येथे बऱ्याचदा नियमापेक्षा रूढी बलवत्तर ठरते. 'कोप विथ' शुद्ध आहे. सर्रास ऐकू येणारे 'कोप अप विथ' मात्र अशुद्ध मानले जाते. 'लुक फॉरवर्ड टू' यानंतर 'मीट' नव्हे, तर 'मीटिंग' येते. कारण येथील 'टू' हे शब्दयोगी अव्यय आहे. असे प्रयोग सुटे पाठ करण्यापेक्षा पूर्ण वाक्यात लिहून ठेवल्यास चांगले लक्षात राहतात.

'बदलाची गरज नाही' हा पर्याय अनेकांना सापळा वाटतो, आणि शुद्ध वाक्यही उगाच बदलले जाते. वरील चारही पायऱ्यांत दोष सापडला नाही, तर हाच पर्याय निःशंकपणे निवडावा. सरावाच्या वेळी चुकलेले प्रत्येक वाक्य वहीत उतरवून त्याशेजारी ते मनात कोणत्या मराठी वाक्यावरून आले, हे लिहावे. काही आठवड्यांतच त्याच त्या पाच-सहा चुका पुन्हा पुन्हा होत असल्याचे दिसू लागेल. त्या दूर झाल्या, की मराठीवर पोसलेला कान इंग्रजीलाही हळूहळू सरावतो.