जुनी गाडी ट्रॅकवर न्यायचीय? आधी थांबवायचं बघा

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी आजचा एपिसोड इथे लिहून काढलाय. बोलताना अडखळलो तेवढं काढून टाकलंय, बाकी जसंच्या तसं.

आजचा विषय असा : जुनी स्पोर्टी गाडी घ्यायची, थोडी तयार करायची आणि ट्रॅक डेला न्यायची. ट्रॅक डे म्हणजे रेस नव्हे. पैसे भरायचे आणि आपलीच गाडी बंद ट्रॅकवर पंधरा-वीस मिनिटांच्या सेशनमध्ये पळवायची. नंबर नाही, कप नाही. समोरून ट्रॅक्टर येत नाही, मध्येच म्हैस येत नाही. कोल्हापुरात राहून हायवेवर रात्री ‘टॉप स्पीड’चे व्हिडिओ काढणाऱ्या पोरांना मी हेच सांगतो, भावा, नाद करायचा तर योग्य जागी कर.

आणि कोल्हापूरला हा नाद नवीन नाही. मोहिते रेसिंगचा गो-कार्टिंग ट्रॅक आपल्याकडेच आहे. आपल्या गावचा कृष्णराज महाडिक २०१८ मध्ये ब्रिटिश एफ-३ मध्ये धावला. मी मात्र साधा बीटेक झालेला, दिवसभर कोड लिहिणारा माणूस. त्यामुळे हे सगळं चुका करत शिकलोय. त्यातली सर्वांत मोठी चूक आज सांगणार आहे.

कूपे हवी होती, मिळाली सिटी

यूट्यूबवर परदेशातली पोरं वीस वर्षं जुनी दोन दारांची माझदा नाहीतर टोयोटा स्वस्तात उचलतात आणि ट्रॅकवर नेतात. आपल्याकडे हे का होत नाही? कारण सरळ आहे. तीन वर्षांपेक्षा जुनी वापरलेली गाडी भारतात आयात करता येत नाही. व्हिंटेज गाड्यांचे नियम वेगळे, पण मधली सगळी मजेदार वयाची गाडी बाहेरच राहते. आणि ज्या थोड्या कूपे इथे अधिकृतपणे विकल्या गेल्या, उदाहरणार्थ ऑडी टीटी, त्यांचा एकेक पार्ट आपल्या पगाराला झेपत नाही.

म्हणून आपली ‘कूपे’ चार दारांचीच असते. जुनी होंडा सिटी व्हीटेक, फियाट पालिओ १.६, मित्सुबिशी सेडिया, पैसे असतील तर स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस. मी २००२ ची सिटी व्हीटेक घेतली. दीड लिटर इंजिन, १०६ अश्वशक्ती, वजनाने हलकी. किंमत १ लाख ८० हजार.

घेताना काय बघायचं? इंजिन थंड असताना पहिल्यांदा चालू करून बघा. मालकाने आधीच गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी परत जा. ऑइलचं झाकण उघडून बघा, आतून दुधाच्या कॉफीसारखा फेस दिसला तर ऑइलमध्ये पाणी जात असण्याची शक्यता आहे, हेड गॅस्केट तपासून घ्या. या इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे. तो कधी बदलला याचं बिल नसेल, तर बदललाच नाही असं धरा. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह वाकू शकतात. शॉकप जिथे बॉडीला बसतो तिथला गंज बॅटरी लावून बघा. रंग चकचकीत असला तरी तिथे गंज असतो.

आणि कागद. चासी नंबर आरसीशी जुळतो का, कर्ज चढलेलं आहे का, चलनं थकलीत का. खासगी गाडीची नोंदणी पहिली १५ वर्षं चालते. मग पासिंग करून दर पाच वर्षांनी वाढवावी लागते. माझी २००२ ची, म्हणजे २०१७, २०२२ आणि आता २०२७. २०२५ पासून २० वर्षांपेक्षा जुन्या कारची ही फी १० हजार झालीय, ग्रीन टॅक्स वेगळा. भाव करताना हे धरा.

माझी चूक

गाडी आली आणि मी काय केलं? जे सगळे करतात तेच. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर, उघडा एअर फिल्टर, अलॉय व्हील. ३८ हजार गेले. ब्रेकबद्दल आधीच्या गॅरेजवाल्याने ‘ओके आहे’ म्हटलं होतं, मीही बघितलं नाही. शहरात ब्रेक उत्तम लागत होते ना!

मग मित्राला घेऊन कोइम्बतूरला गेलो, करी मोटर स्पीडवेला. इथून सुमारे साडेनऊशे किलोमीटर. ट्रॅक २.१ किलोमीटरचा. एस. करिवर्धन यांच्या नावाने आहे, ज्यांनी मारुती ८०० चं इंजिन घालून फॉर्म्युला मारुती गाड्या तयार केल्या. म्हणजे साध्या गाडीच्या सामानातून रेसिंग उभं करणाऱ्या माणसाचा हा ट्रॅक.

दुसऱ्या सेशनचा पाचवा लॅप. सरळ रस्ता संपला, मी ब्रेक दाबला आणि पेडल मऊ लागलं. परत दाबला, पेडल थेट फरशीला. ते दोन सेकंद मला अजून आठवतात. पंपिंग केलं, गिअर खाली घेतला, गाडी वळणावर न थांबता सरळ मातीत गेली आणि थांबली. कोणाला काही झालं नाही. पुढे मोकळी जागा होती म्हणून. हेच आंबा घाटात उतरताना झालं असतं तर हा एपिसोड कोणी केलाच नसता. शेजारच्या सीटवर माझा मित्र होता, त्याच्या आईला मी ‘सांभाळून नेतो’ म्हणून सांगून आलो होतो.

झालं काय नेमकं?

आता थोडं फिजिक्स, घाबरू नका. ब्रेक गाडी थांबवतो म्हणजे गतीची ऊर्जा उष्णतेत बदलतो. माझी गाडी आणि आम्ही दोघं मिळून ११५० किलो धरा. १४० च्या वेगावरून ६० वर आणायचं तर सुमारे ७०० किलोज्यूल उष्णता तयार होते. चहाच्या भाषेत सांगायचं तर साधं दोन लिटरहून जास्त पाणी उकळीला येईल एवढी. तीही काही सेकंदांत, मुख्यतः पुढच्या दोन डिस्कवर. पुढच्या जोरदार ब्रेकिंगला परत तेवढीच. डिस्कला थंड व्हायला वेळच नाही. शहरात ब्रेक ‘ओके’ असण्याचा आणि याचा काही संबंध नाही.

ही उष्णता पॅडमधून कॅलिपरमध्ये आणि तिथून ब्रेक ऑइलमध्ये जाते. डॉट-३ प्रकारचं नवीन ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळू नये असा निकष आहे. पण हे ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. ओल शिरल्यावर तोच निकष १४० अंशांवर येतो. डॉट-४ ला हे आकडे २३० आणि १५५. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो. वाफ मात्र दाबली जाते. तुमचा सगळा जोर बुडबुडे दाबण्यात जातो आणि पेडल खाली.

एक फरक लक्षात ठेवा. पेडल मऊ पडलं तर ऑइल उकळलंय. पेडल कडक आहे पण गाडी थांबत नाही, तर पॅड तापून त्यांची पकड गेलीय. दोन्हीत लगेच वेग कमी करा, हात वर करून इशारा द्या आणि पिटमध्ये या. ‘अजून एक लॅप’ नको.

तिथल्या एका गॅरेजमध्ये ऑइल काढलं तर कोऱ्या चहासारखं काळपट. किती वर्षांचं होतं कोण जाणे. नवीन भरून, घाटात इंजिन ब्रेकिंग करत, घरी आलो.

उद्यमनगरातली दुरुस्ती

परत आल्यावर उद्यमनगरातल्या एका मेस्त्रींकडे गेलो. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, “पळवायला सतरा गोष्टी लावल्यास. थांबवायला काय लावलंस?”

मग क्रम ठरला, तोच तुम्हाला सांगतो. पहिलं, ब्रेक : नवीन डॉट-४ ऑइल, चांगले पॅड, वीस वर्षांचे रबरी होज बदलले. डिस्क लेथवर घासून घेता येते, पण कडेवर कमीत कमी जाडी कोरलेली असते, त्याखाली गेली तर नवीनच घ्या. दुसरं, टायर : कंपनीच्याच साइजचे, पण ताजे. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, ३२२४ म्हणजे २०२४ चा ३२ वा आठवडा. तिसरं, थंडावा : रेडिएटर, थर्मोस्टॅट, कूलंट, होज. चौथं, सैल झालेले बुश आणि इंजिन माउंट. एकूण खर्च ४६ हजार. एक अश्वशक्तीही वाढली नाही.

आणि पॉवर? वेग १० टक्क्यांनी वाढला की ब्रेकला पचवायची ऊर्जा २१ टक्क्यांनी वाढते, कारण ती वेगाच्या वर्गावर चालते. म्हणून पॉवर शेवटी.

कायदा आणि विमा

हे कंटाळवाणं वाटेल पण ऐका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. ब्रेक ऑइल, त्याच मापाचे पॅड आणि टायर ही देखभाल झाली. आवाजाचा सायलेन्सर हा बदल झाला. माझा मी काढून मूळचा बसवला.

म्हणजे रस्ते दोनच. गाडी चालवत ट्रॅकवर न्यायची असेल तर ती मूळ रूपातच ठेवा. सीट काढून रोल केज घालायचा असेल तर ती फक्त ट्रॅकची गाडी, ट्रॉलीवरून न्यायची.

विम्याचंही बघा. मोटार पॉलिसीत रेसिंग आणि वेगचाचणी वगळलेली असते. ट्रॅकवर ठोकलं तर विम्याच्या भरवशावर राहू नका. म्हणून माझा नियम : जी गाडी गेली तर ईएमआय भरत रडावं लागेल, ती ट्रॅकवर न्यायची नाही.

पहिल्यांदा जाताना

पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, बूट. स्टेपनी, जॅक, पाण्याची बाटली, सगळं सैल सामान बाहेर. सकाळचं ब्रीफिंग चुकवू नका, झेंड्यांचे अर्थ तिथेच कळतात. टायर तापले की हवा वाढते, म्हणून प्रत्येक सेशननंतर मोजा. शेवटचा लॅप हळू मारा, ब्रेक थंड होऊ द्या. आणि पिटमध्ये हँडब्रेक ओढू नका, गाडी गिअरमध्ये ठेवा.

त्याआधी दोन-चार रविवार गो-कार्टिंग करा. वळणाआधी कुठे ब्रेक मारायचा हे तिथे शंभर पटीने स्वस्तात कळतं.

मी पुढच्या वेळी परत कोइम्बतूरला गेलो. त्याच सरळ रस्त्याच्या शेवटी पेडल दाबलं, पहिल्या लॅपला जसं लागलं तसंच आठव्याला लागलं. मित्र परत शेजारी बसला होता. या वेळी त्याने विचारलंच, “ऑइल बदललंस ना?”

तुमच्या गाडीचं ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं, आठवतंय का? आठवत नसेल तर ट्रॅकचं राहू द्या, या रविवारी आधी तेवढं करा. प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या एपिसोडमध्ये घेतो. भेटू, मंडळी.