जुना वेली गुलाब ओळखावा कसा?

श्रोतेहो, जुन्या वाड्याच्या भिंतीवर चढलेला एखादा गुलाब तुम्ही पाहिला असेल. नाव विचारलं, तर ‘आजीच्या वेळचा’ एवढंच उत्तर मिळतं. असा गुलाब ओळखायचा कसा, हे इंग्लंडातल्या एका हकिगतीवरून चांगलं समजतं.

कस्तुरी गुलाब हा तिकडच्या बागांतला फार जुना. फुलं पांढरी, झुपक्यानं येणारी. आणि गंमत अशी की, सुवास पाकळ्यांपेक्षा मधल्या केसरांचाच जास्त. १५९७ साली जॉन जेरार्ड यांनी आपल्या वनस्पतिग्रंथात लिहून ठेवलं की, हा पानगळीच्या सुमारास फुलतो. पुढे आपल्या हिमालयातला एक गुलाब तिकडे गेला. गढवालात त्याला कुंजा म्हणतात. तोही पांढरा, सुवासिक, झुपकेदार. वाढीला मात्र दांडगा, पंचवीस-तीस फूट सहज चढणारा. लोक त्यालाच कस्तुरी गुलाब म्हणू लागले आणि खरा मागे पडला.

ग्रॅहॅम स्टुअर्ट टॉमस या गुलाबतज्ज्ञांनी जुने ग्रंथ काढून बहराची वेळ पडताळली. कुंजा उन्हाळ्याच्या आरंभी एकदाच फुलून मोकळा होतो. मग शरदात फुलणारा कोणता? ई. ए. बोल्स यांच्या १९१४ सालच्या पुस्तकात, तो आपल्या बागेत असल्याची नोंद सापडली. बोल्स १९५४ साली वारले होते. टॉमस १९६३ च्या ऑगस्टअखेरीस त्यांच्या मिडल्टन हाऊसला गेले, तर भिंतीलगत तो गुलाब तेव्हा कुठे फुलू लागला होता! त्यांनी त्याची रोपं वाढवली, म्हणून तो वाचला.

अन् तो गेला असता तर गुलाबांचं एक मूळच गेलं असतं. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत चार्ल्सटनजवळ जॉन चँपनीज यांच्याकडे कस्तुरी गुलाब आणि चिनी बारमाही गुलाब यांच्या संकरातून नॉइझेट घराणं निघालं. १८६४ चा पिवळा ‘मारेशाल नील’ त्याच घराण्यातला.

तेव्हा शिक्षकबंधूंनो, नुसत्या फुलाच्या चित्रावरून नाव ठरवण्याची घाई नको. मुलांना वर्षभर वही ठेवू द्या: बहर कोणत्या महिन्यात, एकदा की पुनःपुन्हा, एका पानाला पर्णिका किती, काटे कसे. आणखी एक पाहा. डोळा भरलेलं कलम मरून जातं आणि खालच्या खुंटाचे धुमारेच भिंतभर माजतात. मग आपण खुंटालाच आजीचा गुलाब समजतो.

रोप करायचं ते फांदीपासून, बियांपासून नव्हे. बियांचं रोप मूळ झाडासारखंच निघेल असा भरवसा नसतो. मालकाला विचारून पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर लांबीची पक्व काडी घ्या आणि सावलीत, ओलसर मातीत लावा. नाव ठाऊक नसेल तर अंदाजानं देऊ नका; ‘अमक्या वाड्याच्या पूर्व भिंतीचा पांढरा’ एवढीच पाटी पुरे. एक रोप शाळेत राहू द्या आणि दुसरं निराळ्या आळीत कुणाला तरी द्या.