सोयाबीनच्या तेलातून येणारी गुंगी

दसऱ्याच्या सुमारास रेणापूर तालुक्यातल्या कुठल्याही शिवारात जा, सोयाबीनची काढणी नाहीतर मळणी चाललेली दिसेल. यंत्राचा धुरळा, शेतात लावलेल्या गंजी, मोंढ्याकडे निघालेली पोती. या पिकाचं पुढे काय होतं, असं विचारलं तर लहान पोरही सांगेल: तेल निघतं, पेंड निघते. पण हेच तेल माणसाच्या शिरेतून थेट रक्तात सोडतात आणि अर्ध्या-पाऊण मिनिटात त्या माणसाचे डोळे मिटतात, असं कुणी सांगितलं तर?

ही गोष्ट अगदी खरी आहे. औषधाचं नाव प्रोपोफॉल. दुर्बिणीतून पोटाची तपासणी करताना, निखळलेला खांदा बसवताना, अशा दहा-वीस मिनिटांच्या कामासाठी ते शिरेतून देतात. दिसायला दुधासारखं पांढरंशुभ्र. रुग्णाला आठवतं ते इतकंच: हातात जराशी आग झाली, डॉक्टर काहीतरी विचारत होते, आणि मग कुणीतरी म्हणालं, ‘झालं, उठा आता.’

पण हे औषध पांढरं का? शिरेत द्यायची बहुतेक औषधं पाण्यासारखी नितळ असतात. गढूळ दिसली तर फेकून देतात. मग हे एवढं पांढरं कसं चालतं?

याचं उत्तर आपल्या मेंदूत आहे. मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या फार कडक पहारा ठेवतात, वाटेल त्याला आत जाऊ देत नाहीत. स्निग्ध पदार्थात विरघळणारं औषध मात्र त्यांच्या भिंतीतून सहज पार होतं. प्रोपोफॉल तसंच आहे. पण ज्या गुणामुळे ते मेंदूत शिरतं, त्याच गुणामुळे ते पाण्यात विरघळत नाही. आणि रक्तात सोडायचं तर पाण्यात मिसळायला हवं. आता काय करायचं?

या पेचाने इंग्लंडमधल्या आयसीआय कंपनीच्या संशोधकांना वर्षानुवर्षं अडकवून ठेवलं होतं. त्यांच्यातले जॉन बी. ग्लेन मूळचे जनावरांचे डॉक्टर. प्रोपोफॉलची गुंगी आणण्याची ताकद त्यांच्या चमूला १९७३ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत दिसली. ते पाण्यात मिसळावं म्हणून त्यांनी आधी क्रेमोफोर नावाचा पदार्थ वापरला. तो कशापासून बनतो? एरंडेलापासून! १९७७ मध्ये माणसांवर चाचण्या झाल्या आणि काहींना तीव्र ॲलर्जी आली. ही ॲलर्जी क्रेमोफोरमुळे आल्याचा संशय होता. औषध जवळपास बाद झालं होतं.

ते वाचवलं सोयाबीनने. जे रुग्ण तोंडाने खाऊ शकत नाहीत, त्यांना शिरेतून पोषण देण्यासाठी स्वीडनच्या आर्विड व्रेटलिंड यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच सोयाबीन तेलाचं पांढरं मिश्रण तयार केलं होतं. त्यात अंड्याच्या बलकातलं लेसिथिन असतं. त्याच्या कणाचं एक टोक तेलाला धरतं, दुसरं पाण्याला, त्यामुळे तेलाचे थेंब पुन्हा एकत्र येत नाहीत. थेंब तरी केवढे? एका मायक्रॉनपेक्षाही लहान. आपली तांबडी रक्तपेशी सात-आठ मायक्रॉनची, म्हणजे त्यांच्यापुढे ती हत्तीच. प्रकाश या असंख्य थेंबांवर विखुरतो, म्हणून औषध पांढरं दिसतं. याच धर्तीवर तेलात विरघळवलेलं प्रोपोफॉल १९८६ मध्ये बाजारात आलं. तेरा वर्षं लागली, आणि त्यातली बरीचशी वर्षं औषध शोधण्यात नव्हे, त्याला रक्तात नेणारं वाहन शोधण्यात गेली! माझ्या मते खरा पराक्रम हाच. वीस मिलिलिटरच्या कुपीत औषध असतं २०० मिलिग्रॅम आणि सोयाबीनचं तेल २ ग्रॅम, म्हणजे औषधाच्या दहापट. प्रोपोफॉलसाठी ग्लेन यांना २०१८ मध्ये वैद्यकीय संशोधनातला मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला.

आता हे औषध तुमच्या हातातून निघालं. हृदय, फुप्फुसं, पुन्हा हृदय, मग मेंदू. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा जेमतेम दोन टक्के, पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे सातवा हिस्सा त्याला मिळतो. त्यामुळे औषधाचा मोठा लोंढा आधी तिथेच पोहोचतो. मेंदूच्या पेशींना शांत करणारं गाबा नावाचं रसायन आपल्या डोक्यात जन्मापासून असतंच. प्रोपोफॉल त्याचा जोर वाढवतं. पेशींची दारं जास्त वेळ उघडी राहतात, क्लोराइडचे कण आत शिरतात आणि पेशी एकेक करून गप्प होतात. गुंगी बाहेरून आली असं आपल्याला वाटतं. खरं तर मेंदूचाच ब्रेक थोडा जास्त दाबला गेलेला असतो.

आणि जाग कशी येते? औषध संपलं म्हणून? मुळीच नाही! पाटाचं पाणी पहिल्या वाफ्यात तुंबतं आणि बारं मोडलं की पुढच्या वाफ्यांत पसरतं, तसं औषध मेंदूतून निघून स्नायूंत आणि चरबीत पांगतं. पाच-दहा मिनिटांत मेंदूतलं प्रमाण उतरतं, डोळे उघडतात, आणि तेव्हाही बरंचसं औषध अंगातच असतं. यकृत ते निकामी करत जातं.

म्हणूनच हे औषध जपून वापरावं लागतं. जरा जास्त झालं की श्वास मंदावतो, कधी थांबतो, रक्तदाब उतरतो. मिडाझोलामसारख्या गुंगीच्या दुसऱ्या औषधावर उतारा आहे, प्रोपोफॉलवर नाही. श्वास सांभाळून धरायचा आणि औषध ओसरायची वाट पाहायची, एवढाच उपाय. शिवाय तेल हे जंतूंचंही अन्न, त्यामुळे फोडलेली कुपी उद्यासाठी ठेवता येत नाही, काही तासांत टाकूनच द्यावी लागते.

भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत प्रोपोफॉल आहे, तेव्हा कधी ना कधी तुमची किंवा घरातल्या कुणाची त्याच्याशी गाठ पडू शकते. त्या वेळी एवढं कराच. डॉक्टरांनी सांगितलेले तास पोट रिकामं ठेवा. दुधाचा चहाही बहुतेक ठिकाणी खाण्यातच धरतात. तंबाखू, दारू, घोरणं, आधीचे आजार, काहीही लपवू नका. तपासणी करणारे डॉक्टर कामात असताना माझ्या श्वासाकडे वेगळं कोण बघणार आहे, हे न लाजता विचारा. सोबत माणूस न्या. आणि घरी आल्यावर कितीही तरतरीत वाटलं तरी चोवीस तास गाडीला किक मारू नका, आणि कुठल्याही खरेदीखतावर सही करू नका.