ब्रिटनचं ‘डिजिटल वन’ आणि पक्ष्यांचं स्टेशन

१५ नोव्हेंबर १९९९ला ब्रिटनमध्ये ‘डिजिटल वन’ हे रेडिओचं जाळं सुरू झालं. देशव्यापी खासगी डिजिटल रेडिओची ही सुरुवात. एफएमवर प्रत्येक स्टेशनला वेगळी फ्रिक्वेन्सी लागते. इथे सुमारे दीड मेगाहर्ट्‌झच्या एकाच पट्ट्यात कितीतरी स्टेशनं मावतात! क्लासिक एफएम पहिल्यापासून त्यावर आहे.

पण माझा सगळ्यात लाडका किस्सा २००८चा. पुस्तकवाचन आणि नाटकं ऐकवणारं ‘वनवर्ड’ बंद पडलं आणि त्या रिकाम्या जागेवर चक्क पक्ष्यांची किलबिल लावली गेली. ‘डिजिटल वन’चे प्रमुख क्वेंटिन हॉवर्ड यांनी ती विल्टशरमधल्या आपल्या बागेत रेकॉर्ड केली होती. लोक ती आवडीनं ऐकू लागले! २००९मध्ये तिथे ‘अमेझिंग रेडिओ’ आलं, नवोदित कलाकारांची गाणी घेऊन. २०१६पासून ‘साउंड डिजिटल’ हे दुसरं राष्ट्रीय खासगी जाळंही सोबतीला आहे.