टाकी उचलताना

जबलपूरला मदनमहालच्या टेकडीवर ग्रॅनाइटचा एक अजस्र धोंडा दुसऱ्या धोंड्यावर जेमतेम टेकलेला आहे. 22 मे 1997 च्या पहाटे भूकंपाने शहरातली घरं पाडली, हा धोंडा मात्र जागचा हलला नाही.

इटारसीच्या गाडीत बसलं की पुढे भिटौनी लागतं. तिथे तेलाचे डेपो आहेत, आणि भोवती नर्मदाखोऱ्याची काळी माती. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळून आकसते. अशा जमिनीत पाया कच्चा राहिला तर डेपोतली तेलाची टाकी खचायला भूकंप लागत नाही. सगळी टाकी सारखी खचली तर एकवेळ चालतं. एकच बाजू बसली की गोल पत्रा लंबगोल होतो, आतलं तरंगतं छत अडकतं, तळाचे जोड ताणले जातात. मग पाया दुरुस्त करायला टाकीच उचलावी लागते!

30 मीटर व्यासाची, 12 मीटर उंच टाकी घ्या. तिच्यात सुमारे 84 लाख लिटर तेल मावतं, आणि तळाचा पत्रा असतो साधारण 6 मिलिमीटर जाड. कोंबडीचं अंडं एवढं मोठं केलं, तर त्याचं कवच 20 सेंटीमीटरहून जाड भरेल. इतकी ही वस्तू नाजूक!

आधी टाकी रिकामी करून आतला वायू पार घालवतात, कारण पुढे वेल्डिंग आहे. घेरावर दर तीनेक मीटरला ब्रॅकेट जोडतात, खाली जॅक लावतात. असे तीसेक जॅक. रिकामी टाकी दीड-दोनशे टनांची, म्हणजे एकेका जॅकवर पाच-सहा टनच. वजनाचं भय नाही. कसोटी आहे ती सगळ्यांनी एकदम उचलण्याची. एक जॅक जरी पुढे गेला, तरी शेजारचा भार त्याच्यावर येतो आणि पत्र्याला सुरकुती पडते. म्हणून बोटभर उचलायचं, मोजायचं, खाली लाकडी स्लीपर सरकवायचे, पुन्हा बोटभर. मधला तळ झोळीसारखा लोंबतो, त्यालाही आधार द्यावा लागतो. मग खाली नवा भराव दाबून, पातळी साधून टाकी तितक्याच सावकाश उतरवतात.

शेवटी तिच्यात काठोकाठ पाणी भरतात आणि घेरावरच्या खुणा पुन्हा पुन्हा मोजतात. पाणी पेट्रोलपेक्षा जड असतं; ते ज्या पायाने पेललं, त्याला पेट्रोलचा भार हलकाच.