काडतूस मिळेल तिथवरच बंदूक

मुरूडजवळच्या जंजिऱ्यावर गेलेला माणूस कलाल बांगडी तोफेपाशी थांबल्यावाचून पुढे जात नाही. तोफ किती लांब, उन्हात ती तापते की नाही, मारा कुठवर पोचायचा, हे सगळे तिथे चवीने सांगितले जाते. तिच्यात कोणत्या मापाचा गोळा बसे आणि तो ओतून कोण देई, हे विचारणारा विरळा. शस्त्राकडे पाहण्याची आपली ही जुनी खोड आहे. नजर लोखंडावर ठरते, त्याच्या खाद्याकडे वळत नाही. उरणपासून श्रीवर्धनपर्यंतच्या पट्ट्यात परवान्याचे रिव्हॉल्व्हर बाळगणाऱ्यांचा आणि बाळगू पाहणाऱ्यांचाही हाच प्रकार होतो. आपले ‘बत्तीस बोअर’ त्यांना मिळमिळीत वाटते आणि परदेशातल्या .३५७, .४१, .३२७ अशा मॅग्नम काडतुसांची नावे मोहात पाडतात. त्यातही जे सहसा कोणाकडे नसते त्याची ओढ जास्त. माझे म्हणणे असे की रिव्हॉल्व्हरची खरी मालकी त्याच्या काडतुसावर ठरते. काडतूस कायद्याने चालते का, कारखान्यात बनते का आणि दुकानात मिळते का, या तीन प्रश्नांची उत्तरे ‘हो’ नसतील, तर आडवळणाचे मॅग्नम म्हणजे तिजोरीतले महाग वजन.

मॅग्नम म्हणजे काही वेगळी जादू नव्हे. ओळखीचेच काडतूस घ्यायचे, त्याचे पितळी कवच थोडे लांब करायचे आणि त्यात आतला दाब बराच वाढवणारी दारू भरायची. १९३५ साली अमेरिकेत .३८ स्पेशलवरून .३५७ मॅग्नम तयार झाले, तेव्हा कवच साधारण तीन मिलिमीटरने वाढवले गेले. त्यामागे जागेपेक्षा सुरक्षेचा विचार मोठा होता. नवे जोरकस काडतूस जुन्या कमकुवत रिव्हॉल्व्हरमध्ये पूर्ण आत जाऊच नये, अशी ती सोय. पुढे पन्नाशीच्या दशकात .४४ मॅग्नम आले, १९६४ मध्ये .४१ मॅग्नम आले. पहिल्या दोघांनी बाजार मारला. .४१ मात्र त्या दोघांच्या मधे अडकले. गुणाने चांगले, चाहते निष्ठावान, पण खप बेताचा. दुर्मिळ मॅग्नमांची कहाणी बहुधा अशीच असते.

आपल्या दृष्टीने सर्वांत रंजक घराणे .३२ चे. १८९६ साली स्मिथ अँड वेसनने .३२ लाँग काडतूस आणले, आणि आज भारतात सामान्य परवानाधारकाच्या रिव्हॉल्व्हरमध्ये जाते ते हेच. याच कवचाची लांबी वाढवून १९८४ मध्ये .३२ एच अँड आर मॅग्नम झाले आणि ती आणखी वाढवून २००७-०८ च्या सुमारास .३२७ फेडरल मॅग्नम. कवचाची लांबी इंचाच्या हिशेबात ०.९२, मग १.०७५, मग १.२. गोळीचा व्यास तिन्हींत तोच, आठ मिलिमीटरला किंचित कमी. ऊर्जा मात्र ढोबळमानाने दीडशे ज्यूल, तीनशे ज्यूल आणि जोरकस भरणीत साडेसहाशे ज्यूल. कमाल दाबाची मर्यादा .३२ लाँगला चौरस इंचाला १५ हजार पौंड, .३२७ ला ४५ हजार. म्हणजे अलिबागच्या एखाद्या घरात कपाटात असलेल्या काडतुसाचा सख्खा नातू जगातल्या तेज रिव्हॉल्व्हर काडतुसांत गणला जातो. तरीही तो इथवर पोचत नाही.

याचे कारण कायद्याच्या इतिहासात आहे. सर्वसामान्यांच्या हत्यारांना परवान्याच्या चौकटीत बसवणारा व्हाइसरॉय लिटनचा शस्त्र कायदा १८७८ चा. पुढच्याच वर्षी पनवेलजवळच्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके यांनी मोजक्या हत्यारांनिशी बंड केले. त्यामुळे हा कायदा आपल्या रायगड जिल्ह्याला काही परका नाही. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा कायदा आला आणि १९६२ पासून लागू झाला, पण एक जुना विचार टिकला: सैन्य आणि पोलीस जी काडतुसे वापरतात ती नागरिकाच्या बंदुकीत बसता कामा नयेत. म्हणून १९६२ च्या नियमांत .३८० किंवा .४५५ ची कडेवाली काडतुसे, तसेच सैन्याचे ९ मिलिमीटरचे काडतूस ज्यात बसून उडू शकते, अशी पिस्तुले-रिव्हॉल्व्हरे निषिद्ध ठरली. शब्दरचना नीट पाहावी. निकष बंदुकीवर कोरलेल्या नावाचा नाही, तिच्यात काय बसते याचा आहे. सरकारी .३८० चे कवच .३५७ मॅग्नमच्या कवचापेक्षा केसभर जाड असते आणि .३५७ च्या सिलिंडरमध्ये सहसा शिरत नाही. एवढ्या सुताच्या फरकाने एक बलदंड काडतूस निषेधाच्या शब्दांबाहेर राहिले आणि त्याहून कितीतरी सौम्य .३८० आत अडकले. ताकद मोजून केलेला हा नियम नव्हेच. चोरीच्या सरकारी दारूगोळ्याला गिऱ्हाईक मिळू नये, ही त्यामागची काळजी.

यावर कोणी म्हणेल, मग मॅग्नमला कायद्याची आडकाठी कुठे आहे? आडकाठी दुसऱ्या दारात आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य परवानाधारकाला परदेशातून बंदूक आणता येत नाही. सवलत आहे ती मान्यताप्राप्त नेमबाजांना. त्याआधी आलेली परदेशी रिव्हॉल्व्हरे हातोहात फिरतात आणि नव्या देशी हत्यारापेक्षा किती तरी जास्त भाव खातात. देशात बनते ते मुख्यतः .३२. कानपूरच्या सरकारी कारखान्याचे रिव्हॉल्व्हर, २०१४ चे हलके ‘निर्भीक’, २०२३ चे ‘प्रबल’, आणि उत्तर प्रदेशातल्या हरदोईत वेबली अँड स्कॉटच्या नावाने निघू लागलेलेही .३२च. काडतुसांचे तर घाट चढला की घर लागते. पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा, आता म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत आहे. तिथल्या .३२ च्या बुडावर ‘केएफ’ ही अक्षरे दिसतात, ती ‘किर्की’ या जुन्या उच्चाराची खूण. .३२७ किंवा .४१ बनवण्यात या कारखान्याला काही स्वारस्य असण्याचे कारण नाही. मागणी नाही म्हणून माल नाही, आणि माल नाही म्हणून मागणी वाढत नाही.

परवान्याच्या वाटेवर रायगडात आणखी एक बारकावा आहे. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनच्या माणसाला अलिबागला जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो, उरण-पनवेलच्या माणसाला नवी मुंबईच्या पोलीस आयुक्तांकडे. परवाना हाती आला की त्यावर एका वेळी किती काडतुसे बाळगायची आणि वर्षात किती घ्यायची हे नोंदलेले असते, आणि दुकानदार प्रत्येक खरेदी तिथेच चढवतो. निवडणूक आली की ज्यांची नावे छाननीत निघतील त्यांनी हत्यार पोलीस ठाण्यात जमा करायचे. अमेरिकेत दुर्मिळ काडतुसाचा मालक रिकामी कवचे जपून घरीच पुन्हा भरतो. तिथले आडवळणी मॅग्नम जगले आहेत ते मुख्यत्वे या छंदावर. आपल्याकडे काडतूस बनवण्याला शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे वेगळा परवाना लागतो, आणि तो नसताना गॅरेजमध्ये बसून हा उद्योग करणे हा सरळ गुन्हा आहे. त्यामुळे तिकडचे अनुभव वाचून इकडे निर्णय घेणे फसवे ठरते.

या युक्तिवादावरचा सर्वांत तगडा आक्षेप .३२७ च्या बाजूचा आहे. या रिव्हॉल्व्हरमध्ये .३२७ सोबत .३२ एच अँड आर मॅग्नम आणि आपले .३२ लाँगही चालते. उलटे मात्र कधीही करू नये, .३२ लाँगच्या रिव्हॉल्व्हरला तो दाब सोसणार नाही. मग असे हत्यार हाती आले तर वाईट काय? मॅग्नम मिळेल तेव्हा मॅग्नम, नाहीतर खडकीचे .३२. तर्क बिनतोड आहे, पण तो माझ्याच बाजूला येऊन बसतो. रोज जे उडवायचे ते खडकीचेच, तर मॅग्नम नावाला उरले. शिवाय आखूड काडतुसे लांब चेंबरमध्ये सतत उडवली की कवचाच्या तोंडापुढे काजळीचे कडे साचते, आणि दमट हवेत ते वेळेवर घासले नाही तर गंजाला तिथूनच सुरुवात होते.

दुसरा आक्षेप भावनेचा असला तरी त्यात तथ्य आहे: .३२ लाँग कमजोर आहे. हो, आहे. दीडशे ज्यूल म्हणजे काही दरारा नव्हे, आणि हे झाकून .३२ चे गोडवे गाण्यात अर्थ नाही. पण ताकदीचा हिशेब नेमाशिवाय करता येत नाही. याच .३२ लाँगच्या सपाट तोंडाच्या काडतुसांवर जगभरचे नेमबाज २५ मीटर सेंटर फायर पिस्तूल स्पर्धा खेळतात. कागदावर ते पंचने पाडल्यासारखे स्वच्छ भोक पाडते आणि हाताला फारसा झटका देत नाही. आंतरराष्ट्रीय नियमांत ७.६२ ते ९.६५ मिलिमीटरपर्यंतची मापे चालतात, मॅग्नम मात्र नावानिशी वर्ज्य आहे. वर्षाला मोजकी काडतुसे ज्याच्या वाट्याला येतात, त्याने ती आवाज-झटक्याने दचकवणाऱ्या मॅग्नमवर खर्चावीत की हात बसवणाऱ्या .३२ वर, याचे उत्तर अवघड नाही. छोट्या रिव्हॉल्व्हरमधून मॅग्नम बंद खोलीत उडाले तर आवाज कानाला कायमची इजा होण्याच्या १४० डेसिबलच्या रेषेपलीकडे खूप जातो. घरातल्या इतरांच्या कानांनाही तोच धोका, आणि पातळ विटांच्या भिंतीपलीकडे झोपलेल्या शेजाऱ्याला तर आरपार जाणाऱ्या गोळीचा त्याहून मोठा. नेम शिकायचाच असेल तर पनवेलला नेमबाज सुमा शिरूर यांच्या ‘लक्ष्य’ क्लबसारखी जागा जिल्ह्यातच आहे. तिथला भर दहा मीटरच्या हवाई नेमबाजीवर, आणि २० ज्यूलच्या आतल्या .१७७ एअर रायफलला परवानाही लागत नाही. ट्रिगर दाबण्याची शिस्त दारूवाचूनही शिकता येते.

दुर्मिळ काडतुसाचा एक शत्रू किनाऱ्यावर खास आहे, आणि त्याची चर्चा फारच कमी होते. जे सहज मिळते ते माणूस उडवतो आणि ताजे आणतो. जे मिळत नाही ते जपून ठेवतो. जपलेले काडतूस इथे पावसाळ्यामागून पावसाळे काढते. खाऱ्या वाऱ्यातले क्षार पोलादाला छळतात हे सगळ्यांना दिसते, पितळाचे दुखणे दिसत नाही. ब्रिटिश अमलात हिंदुस्थानातल्या लष्करी तबेल्यांजवळ साठवलेली काडतुसे पावसाळ्यात आपोआप तडकत. कारण बरीच वर्षे कळेना. १९२१ साली ब्रिटिश धातुशास्त्रज्ञांनी ते सिद्ध केले. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया, हवेतली ओल आणि कवच ओढून घडवताना पितळात उरलेला ताण, हे तिन्ही एकत्र आले की पितळ चिरते. उपाय म्हणजे कवच घडवल्यावर सौम्य उष्णता देऊन ताण उतरवणे. आजचे कारखाने ही काळजी घेतात, तरी धोका शून्य होत नाही. भाताच्या हंगामात ज्या खोलीत युरियाची पोती, तिथेच काडतुसांचा डबा, किंवा गोठ्याला लागून असलेल्या कपाटात तो, ही मांडणी कोकणी घरात अगदी स्वाभाविक असते आणि पितळाला ती मानवत नाही. तडकलेल्या कवचाचे काडतूस .३२ लाँगच्या दाबातही नको, मॅग्नमच्या तिप्पट दाबात तर नकोच.

परदेशात तरी आडवळणाचे मॅग्नम सुखी असतात का? .३२ मॅग्नमला नाव देणारी हॅरिंग्टन अँड रिचर्डसन ही मूळ कंपनी १९८६ मध्येच बंद पडली. .३५७ मॅक्झिमम हे १९८३ चे आणखी लांब काडतूस तर चक्क स्वतःच्या हत्यारांवर उठले. त्याचा तप्त वायू सिलिंडर आणि नळीच्या फटीतून निसटून वरची पट्टी कुरतडू लागला आणि रुगरने आपले रिव्हॉल्व्हर लवकरच मागे घेतले. २०२०-२१ मध्ये अमेरिकेत दारूगोळ्याची टंचाई झाली तेव्हा कारखान्यांनी आपली यंत्रे आधी ९ मिलिमीटरसारख्या खपाच्या मालाकडे वळवली, आणि कमी खपाच्या काडतुसांचे चाहते रिकाम्या फळ्या बघत राहिले. दुकानांची रेलचेल असलेल्या देशात ही गत, तर रेवदंड्याच्या माणसाने कशाच्या भरवशावर राहावे?

राहता राहिले रानडुक्कर. डोंगराकडच्या गावांत भाताची आणि कंदांची नासाडी हा खरा प्रश्न आहे, आणि ‘मॅग्नम हवे ते त्यासाठी’ असा दावा होतो. पण कायद्याने त्याची सोय रिव्हॉल्व्हरमध्ये पाहिलेलीच नाही. कलम १३ पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा विचार करते, आणि ती पुरी पडणार नाही असे दिसले तर दुसऱ्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा. शिवाय डुक्कर मारायला वनखात्याची परवानगी लागते. जखमी डुकरापुढे हातभर अंतरावर रिव्हॉल्व्हर घेऊन उभे राहणे हे धाडस, शेती नव्हे. त्या कामाला बारा बोअरच बरी, आणि तिचेही काडतूस खडकीत बनते.

संग्रहाची हौस मात्र मी उडवून लावणार नाही. दुर्मिळ यंत्राचा आनंद खरा असतो, जसा जुन्या घड्याळाचा असतो. अडचण अशी की २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच हत्यारांची मुभा ठेवली आहे आणि वारसाहक्काने आलेली बंदूकही त्याच दोनांत मोजली जाते. परवान्याची मुदत तीनची पाच वर्षे झाली, हा त्यातला दिलासा. आजोबांच्या काळी मुंबईत घेतलेले एखादे परदेशी .३५७ वारसाकडे येते तेव्हा त्याला पहिल्यांदा ठरवावे लागते की दोन जागांपैकी एक यात घालवायची का. निर्णय काहीही असो, तोवर हत्यार आणि उरलेली काडतुसे घरात ठेवून चालत नाही. परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात ती जमा करून पावती घ्यावी लागते, आणि मगच विक्रीचा किंवा नावावर करून घेण्याचा अर्ज पुढे सरकतो. डब्यातली हिरवट पडलेली जुनी काडतुसे उडवून पाहण्याचा मोह तेवढ्या काळात टाळावा. ती विक्रेत्याला दाखवून निकालात काढणे बरे.