हृदयाचा हजेरीपट

आम्ही डॉक्टर नाही. कामगारांत वावरण्यात आमचे आयुष्य गेले. आमच्या एका सहकाऱ्याला अर्धांगवायू झाला, उजवा हात गेला. त्याच्या हृदयाचा आलेख मात्र निर्दोष निघाला! हे कसे, याचा शोध घेता घेता जे समजले ते येथे मांडतो.

इन्स्पेक्टर येतो त्या दिवशी कारखाना लखलखीत असतो. खरी हकीकत कळते ती रोजच्या हजेरीपटावरून. हृदयाचा आलेख हा असाच घटकाभरचा इन्स्पेक्टर. चोवीस तासांचे होल्टर यंत्र थोडे अधिक पाहते. पण महिन्यातून एखाद्या रात्री लय बिघडत असेल, तर दोघांच्याही कागदावर सारे सुरळीतच!

बिघाड असा की, हृदयाचे वरचे कप्पे, म्हणजे अलिंद, नीट आकुंचन न पावता नुसतेच थरथरतात. आत रक्त साकळते, गुठळी होते. ती मेंदूत गेली की अर्धांगवायू. पुष्कळांना साधी धडधडही जाणवत नाही.

१९५८ साली स्टॉकहोम येथे सेनिंग या शल्यविशारदाने एल्मक्विस्ट या इंजिनिअरने बनविलेला पेसमेकर रोग्याच्या शरीरात प्रथम बसविला. त्याचे काम ठोके देण्याचे. आजच्या पेसमेकरची तार अलिंदात असेल, तर तो तेथील गडबड तारीखवार टिपूनही ठेवतो. ज्यांना पेसमेकर नको, त्यांच्या छातीच्या कातडीखाली आगकाडीएवढी लांब, पण जाड, अशी नुसती नोंद ठेवणारी पट्टी बसविता येते.

२०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत अशी यंत्रे बसविलेले, रक्तदाबाचे, ६५ व त्यावरील वयाचे २५८० लोक होते. हा विकार त्यांपैकी कोणालाही असल्याचे ठाऊक नव्हते. तीन महिन्यांत दर दहांतील एकात तो सापडला. आणि अशांना अर्धांगवायूचा धोका सुमारे अडीचपट दिसला.

मग लगेच औषध सुरू करावे काय? येथे घाई नको. रक्त पातळ ठेवणारे औषध गुठळी टाळते, पण रक्तस्रावाचे भय वाढविते. २०२३ च्या दोन मोठ्या पाहण्यांपैकी एकीत अर्धांगवायू कमी झाला, दुसरीत ठळक लाभ दिसला नाही; रक्तस्राव दोहोंत वाढला. शिवाय यंत्रही कधी फसते, म्हणून त्याची नोंद जाणत्याने तपासावी लागते.

तेव्हा घरात कोणाला पेसमेकर असेल, तर तपासणीच्या वेळी केवळ बॅटरीची चौकशी करून परतू नका. नोंदीत काय निघाले आणि त्याचा अर्थ काय, हे विचारा. तो आपला हक्क आहे.